फाटकवाल्या भाऊंचे पाहुणे

त्यांच्याकडे कुत्रा ठेवायला गेलं, की माणसाला आधी बाहेर थांबावं लागे. कुत्रा आत आणि माणूस कुंपणाशी उभा. ऊन असो की चिखल, साहेब असो की शेतमजूर, नियम एकच. दहा मिनिटं जात, कधी अर्धा तासही जाई. आतून हूं की चूं ऐकू येत नसे. मग ते बाहेर येत. आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे बघत, जशी काही दोन्ही बाजूंनी गाडी यायची आहे, आणि म्हणत, "कुत्रा ठीक हाये. आता तुमी या."

म्हणजे कुत्र्याची परीक्षा झाली. आता आपली. आणि आपली जास्त अवघड असे, हे मी अनुभवानं सांगते.

आम्ही तेव्हा सिंदेवाहीला होतो. आमचे हे तिथे हायस्कुलात मास्तर. गावात नुकते एसटीडीचे बूथ झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. तलावाच्या पाळीवरून पलीकडे उतरलं, की रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे त्यांचं घर. जन्मभर रेल्वेच्या फाटकावर नोकरी केलेली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गाव त्यांना फाटकवाले भाऊ म्हणे. त्यांचं खरं नाव मला वर्षभर माहीत नव्हतं. कळल्यावरही तोंडात बसलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

हे कुत्रे सांभाळायचं कसं सुरू झालं, ते त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला सांगितलं होतं. एक स्टेशनमास्तर लग्नाला म्हणून गावी गेले आणि आपला कुत्रा चार दिवसांसाठी भाऊंकडे ठेवून गेले. परत आले तर कुत्रा घरी जायला तयार होईना. झालं. गावभर बोभाटा झाला. मग नोकरीवाले, बदलीवाले, ज्यांना ह्या गावात सासर ना माहेर, ते सगळे दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे धावू लागले. पैसा घेत नसत. कुत्र्यापुरती कनकी आणून द्यायची, म्हणजे गिरणीतली तांदळाची चुरी. तिच्यात वहिनी तलावातल्या मासळीची डोकी घालून शिजवत. तो वास सुटला, की पाळीवरून जाणारी माणसंसुद्धा मान वळवत.

कुत्र्यांना ते पाहुणे म्हणत. नुसतं म्हणतच नसत, बोलतही तसंच. "पाहुने, पानी घ्या." "पाहुने, तुमी असे उन्हात कायले बसता?" वहिनींना ह्याचा फार राग. मला म्हणाल्या, "बाई, लगन होऊन चाळीस वर्सं झाली, मले एक डाव 'तुमी' नाई म्हटलं ह्या मानसानं. अन् त्या लंगड्या कुत्र्याले सकाळपासून अहो-जाहो करून राह्यले."

भाऊ खाटेवरूनच म्हणाले, "तू काय पाहुनी हायेस?"

एकाच जनावराला ते 'तू' म्हणत. त्यांची स्वतःची कुत्री, गंगी. म्हातारी, तोंड पांढरं झालेलं, एक कान अर्धा. "सरक ना वं गंगे," म्हणत तिच्यावरून पाय टाकून जात. ती जागची हलत नसे. पाहुणे पडवीत, बांबूच्या ताट्यांच्या आडोशाला. गंगी मात्र आतल्या खोलीत, भाऊंच्या खाटेखाली.

त्यांची आणखी एक तऱ्हा. फाटकावरची लाल आणि हिरवी झेंडी त्यांच्याकडे अजून होती. जागा असली की कुंपणाला हिरवी. नसली की लाल. लाल झेंडी असताना कोणी आवाज दिला तर ते समोर खाटेवर बसून बघत राहत, पण ओ देत नसत. आणि दिवे लागायच्या आत कुंपणाचं फाटक बंद. मग आमदार येवो, उघडणार नाही. ह्याला मात्र कारण होतं. तलावाच्या काठानं बिबट फिरे. आमच्या भागात बिबट्याला माणसापेक्षा कुत्रा गोड. ओसरीत बांधलेली, अंगणात झोपलेली किती कुत्री गेली, त्याची बातमीसुद्धा होत नसे. नुसती साखळी उरे.

एकदा एक मोठे साहेब आले होते, जीपमध्ये पोलिसी कुत्रा घेऊन. मी तेव्हा वहिनींकडे मासळी घ्यायला गेले होते, म्हणून सगळं बघायला मिळालं. कुत्रा आत पास झाला. मग साहेबांना बोलावलं. भाऊंचे तीन प्रश्न ठरलेले.

"कायले भेते?"

"कशालाच नाही."

"कोनाले चावते?"

"नाही हो, ट्रेनिंग झालेलं आहे त्याचं."

"खोड कोन्ती?"

साहेब हसले. "खोड काहीच नाही. एकदम परफेक्ट आहे."

भाऊंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "मंग हा कुत्रा नाई साहेब, हा फोटो हाये. घरी भिंतीवर लावून ठेवा." आणि साखळी त्यांच्या हातात दिली. जीप धूळ उडवत गेली. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "पाह्यलं? आता ते साहेब ह्यायचे दुश्मन झाले. अस्यानं एक दिवस गावात आमाले मिठाचा खडा कोनी देनार नाई."

मला त्या दिवशी फार हसू आलं. पुढे माझ्यावर तीच वेळ आली, तेव्हा हसू आलं नाही.

आमच्या ह्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन निघालं. नागपूरला महिनाभर तरी राहावं लागणार. तिथे माझ्या बहिणीकडे राहायची सोय होती. प्रश्न होता टिकल्याचा. टिकल्या म्हणजे आमचा गावरान कुत्रा, काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. ह्यांचा त्याच्यावर भारी जीव. दवाखान्याचे कागद हातात असताना हे मला काय विचारतात, तर, "टिकल्याचं काय करायचं?"

आता कुत्रा ठेवायला माणूस कसा बघावा, हे कोणी शिकवत नाही. मुलीला स्थळ बघताना सतराजण सल्ले देतात. इथे आपण एकटे. मी आपली चार घरं हिंडले. एका घरी त्या गृहस्थांनी टिकल्याला मिठी मारली, मुके घेतले, आणि पाच मिनिटांनी टिकल्या उठून रस्त्यावर गेला तरी त्यांना पत्ता नाही, बोलणंच सुरू. दुसऱ्या घरी सगळं चांगलं. ऐसपैस गोठा, स्वभावानं गोड माणूस. पण तो पाणी आणायला उठला तशा त्याच्या अंगणातल्या शेळ्या पटकन अंग चोरून भिंतीकडे सरकल्या. मी चहा घेतला आणि निघून आले. जनावरं बोलत नाहीत, पण मालक उठला की ती काय करतात ते बघावं. भाऊ खाटेवरून उठायचे तेव्हा गंगी एक डोळा उघडून बघायची, आणि पुन्हा झोपायची. मला आणखी काही बघायची गरज वाटली नाही.

अडचण एकच होती. टिकल्याला खोड होती, आणि तीही साधीसुधी नाही. त्याचं डोकं अरुंद आणि मान जाड. मनात आलं, की हा बसकण मारायचा, मागे रेटा द्यायचा, कान पाडायचा आणि पट्ट्यातून सुळकन डोकं बाहेर. कितीही घट्ट करा. आणि सुटला, की आम्ही जिथून गेलो तिकडे, रात्र असो की दिवस. भाऊंचा नियम तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला. "दोन कुत्रे मी ठेवत नाई. एक पिसायलेला, अन् एक पट्टा काढनारा. इथी बिबट हाये. सुटला तं गेला. माह्या जिवाले तो घोर नको."

निघायच्या आठ दिवस आधी मी टिकल्याला घेऊन गेले. हिरवी झेंडी होती. टिकल्या आत गेला, मी बाहेर कुंपणाशी. मनात ठरवून आले होते. खोड नाही म्हटलं तर साहेबांसारखी गत होणार. म्हणून एक बारकीशी खोड तयार ठेवली होती.

"कायले भेते?"

"फटाक्यांना."

"कोनाले चावते?"

"पोस्टमनला. एकदाच, आणि फक्त पँट."

"खोड कोन्ती?"

"चपला चावतो, भाऊ. एक जोड धड ठेवत नाही."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. "आनिक?"

"आणखी काही नाही."

रुळावरून एक मालगाडी जायला लागली. सगळे डबे गेल्यावर भाऊ पुन्हा म्हणाले, "आनिक काई बाई?"

"नाही हो भाऊ."

मी उठले. फाटकाशी आले. ते मागे आले होते. "पाहा बरं आठवून. एकांदी गोष्ट राहून जाते कधी."

मी म्हटलं, "काही राहिलं नाही."

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "बरं. ज्या दिवशी जाल त्या दिवशी आनून द्या."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "पट्ट्याचं सांगितलंस ना?" मी म्हटलं, "हो, सांगितलं." ऑपरेशनला निघालेल्या माणसाशी कोण वाद घालणार!

ऑपरेशन पार पडलं. दहाबारा दिवस गेले. ह्यांना पेज पचू लागली, रंग उजळला, डॉक्टर हसून बोलू लागले. रोज झोपताना मला टिकल्याचे पडलेले कान दिसत. पण मी आपली स्वतःला समजावी, की भाऊ आहेत, काही होणार नाही. आणि एका दुपारी ह्यांच्या शाळेतले एक मास्तर भेटायला आले. मोसंबी आणली, शाळेच्या गोष्टी झाल्या. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले. जिन्यात ते सहज बोलून गेले, "ऐकलं का, फाटकवाल्या भाऊंच्या घरून बिबट्यानं कुत्रा नेला परवा. ताटी फोडून नेला."

"कोणाचा?"

"ते काही माहीत नाही बुवा."

मी तशीच चप्पल सरकवून खाली बूथवर गेले. सिंदेवाहीच्या स्टेशन रोडवरच्या बूथवाल्याचा नंबर माझ्याजवळ होता. म्हटलं, दादा, जरा फाटकवाल्यांच्या घरी निरोप द्याल का?

"सांगा ना बाई."

"त्यांना सांगा, टिकल्या पट्टा काढतो. मी सांगितलं नव्हतं."

लाईन खरखरत होती. तो ओरडला, "कोन काढते? पट्टा? कुत्रा? बरं बरं! बाईचा कुत्रा पट्टा काढते म्हना!" मागून कोणीतरी हसलं. म्हणजे दुकानातल्या सगळ्यांना कळलं होतं. कळू दे, म्हटलं.

"अर्ध्या तासानं फोन करा," तो म्हणाला, आणि बिचारा दुकान बंद करून सायकलवर गेला.

अर्ध्या तासानं मी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगतलं."

"काय म्हणाले?"

"काईच नाई. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् म्हने, बरं."

"टिकल्या दिसला का तुम्हाला? काळा, कपाळावर ठिपका?"

"मले एकही कुत्रा नाई दिसला, बाई. पडवी रिकामी होती."

"मग विचारलं काऊन नाही?" मीसुद्धा त्याच्याच बोलीत आले.

"इचारनार होतो. पन त्यायचं तोंड पाहून हिंमत नाई झाली."

दुसऱ्या दिवशी बहिणीला ह्यांच्याजवळ बसवलं, ह्यांना सांगितलं की घरून कपडे आणि तांदूळ घेऊन येते, आणि सकाळची एसटी पकडली. उमरेड गेलं, नागभीड गेलं, मला खिडकीबाहेरचं काही दिसलं असेल तर शप्पथ. टिकल्या गेला असेल तर ह्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, एवढंच डोक्यात. आणि गेला असेल तर तो बिबट्यानं नेला असं म्हणायचं, की मी नेला?

पाळीवरून खाली उतरले तर वहिनी दारात मासळी साफ करत बसलेल्या. मला बघून त्यांचा विळा थांबला. मी काही विचारायच्या आत आतल्या खोलीच्या बंद दारावर नखं घासल्याचा आवाज आला, आणि मग ते भुंकणं. दार उघडलं तसा टिकल्या अंगावर आला. मी तिथेच मातीत बसले, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, रडले, हसले, काय काय बोलले कोण जाणे. त्याच्या गळ्यात पट्टाच नव्हता. जाळ्याच्या दोरीचा एक फासा छातीवरून आणि पुढच्या पायांमागून घेऊन पाठीवर गाठ मारली होती. त्यातून कुठलंच कुत्रं डोकं काढू शकत नाही.

मग माझं लक्ष पडवीकडे गेलं. सगळ्या ताट्या जुन्या, काळ्या पडलेल्या. एकच नवी, बांबू अजून हिरवा.

"मग कोणाचा कुत्रा गेला, वहिनी?"

वहिनींनी मासळीकडे बघत सांगितलं, "गंगी."

त्यांनी पुढची मासळी उचलली.

"तुमचा आत राहे ना. बाहेर ठेवाची ह्यायची हिंमत नाई झाली, दोरी बांधली तरी दार लावून ठेवत. अन् गंगीचं त्याच्यासंगं जमेना. पहिल्याच संध्याकाळी जुंपली दोघांची. मंग तीच उठून पडवीत जाऊन झोपे. मी म्हटलं ह्यायले, तिले आत घ्या. तं म्हने, पाहुन्याले बाहेर कसा काढू?"

भाऊ मागल्या अंगणात जाळं दुरुस्त करत होते. मी जाऊन उभी राहिले. टिकल्या माझ्या पायात घुटमळत होता.

"भाऊ, मी खोटं बोलले."

"हो."

"तुम्हाला कधी कळलं? फोन आला तेव्हा?"

"तुमी बाहेर कुंपनापाशी उभ्या होत्या, तवाच." त्यांनी टिकल्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानामागे बोट ठेवलं. "हे पाहा. पुढं वढनाऱ्या कुत्र्याचे गळ्याचे केस जातेत. मांगं सरकून काढनाऱ्याचे इथचे, कानाच्या मुळाचे. ह्याचे दोन्हीकून घासलेले."

"मग ठेवलात कशाला? तुमचा तर नियम होता."

ते जाळ्याची गाठ मारत राहिले. "तुमचा मानूस दवाखान्यात जाऊन राह्यला होता. मी नाई म्हटलं असतं तं कुत्रा घेऊन तुमी कुठी जाल?"

"मग तेव्हाच म्हणायचं होतंत, की बाई, मला ठाऊक आहे."

आता मात्र ते थांबले. "तिथी माही चूक झाली. तीन डाव इचारलं तुमाले. वाटलं, बाई आपल्या तोंडानं सांगन. ते फाटकाची सवय हाये, बाई. गाडीवाल्यानं शिट्टी देल्ल्याबगर मी जिंदगीत फाटक हालवलं नाई. इथी बी तसाच बसून राह्यलो, शिट्टीची वाट पाहत."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पण मी विचारलं, आणि ते खोटं बोलणारे नव्हते.

"ठेवला तं असताच. पन म्हटलं असतं, बाई, आठ दिवस हायेत, रोज दुपारी घंटाभर ह्याले घेऊन येत जा. गंगीसंगं बसला असता, तिच्या वासाचा झाला असता. मंग जुंपली नसती त्यायची. दोघं एकाच खोलीत झोपले असते."

आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी काय केलं होतं? पापड लाटले होते, बॅगा भरल्या होत्या, दुपारी झोप काढली होती.

मी रडायला लागले तसे ते ओशाळले. "रडू नोका. तिले बिबटानं नेलं, तुमी नाई नेलं." बायामाणसांच्या रडण्यापुढे काय करावं हे त्यांना कळत नसावं. त्यांनी वहिनींना हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं.

साडेतीनची परतीची बस होती. मी टिकल्याची दोरी हातात घेतली. आता ह्याला इथे ठेवायचं म्हणजे निर्लज्जपणाच. म्हटलं, "भाऊ, ह्याला मी घेऊन जाते."

"कुठी नेता? दवाखान्यात?"

"बघते काहीतरी. तुमच्यावर आणखी कसा टाकू?"

त्यांनी दोरी माझ्या हातातून अलगद काढून घेतली. टोमणा नव्हता, राग नव्हता, साधं सांगितल्यासारखं म्हणाले, "राहू द्या पाहुन्याले. आता जागा हाये."

दवाखान्यात पोचले तेव्हा ह्यांचं जेवण झालं होतं. उशीला टेकून बसले होते, चांगले तरतरीत. मला बघितल्याबरोबर विचारलं, "घरी जाऊन आलीस तर टिकल्याला भेटलीस की नाही? कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. ते खूष होऊन आडवे होत होते. मी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि त्यांना म्हटलं, "थांबा, झोपू नका. कपडे आणायला गेले नव्हते मी. पहिल्यापासून सांगते."